परत घेतलेला बाण

रघुवंशाचा नववा सर्ग आपल्याकडे साधारणपणे दोन कारणांनी वाचला जातो. एक, त्यातले वसंतवर्णन आणि यमकांची आतषबाजी; दुसरे, सर्गाच्या शेवटी येणारी आंधळ्या मातापित्यांच्या मुलाच्या वधाची हकीकत. या दोहोंच्या मध्ये दशरथाच्या मृगयेचा एक भाग येतो आणि त्यात एक श्लोक असा आहे की, ज्याकडे मी स्वतः पदव्युत्तर वर्गात असताना कुणी लक्ष वेधल्याचे मला आठवत नाही. दशरथाने एका हरणावर नेम धरला आहे. दोरी कानापर्यंत आली आहे. तेवढ्यात त्या हरणाची सहचरी मध्ये येते आणि आपल्या देहाने त्याला झाकून उभी राहते. राजा स्वतः प्रेमाचा जाणकार असल्यामुळे त्याचे मन द्रवते आणि तो बाण परत घेतो. लगेच पुढच्या श्लोकात आणखी काही हरणांच्या बाबतीतही त्याची घट्ट आवळलेली मूठ अशीच सैल पडते.

आणि हाच दशरथ, याच सर्गात, थोड्याच श्लोकांनंतर, नदीवर घागर बुडण्याचा आवाज ऐकतो, तो हत्तीचा समजतो आणि आवाजाच्या रोखाने बाण सोडतो. रानातला हत्ती मारणे राजाला निषिद्ध होते, हे कालिदास तिथे स्पष्ट सांगतो. म्हणजे नियम होता, तो दशरथाला ठाऊकही होता. त्या मुलाला कालिदास नाव देत नाही. आपण त्याला श्रावणबाळ म्हणतो आणि मराठी घरांतून ही कथा मुलांना मातृपितृभक्तीसाठी सांगितली जाते. धनुर्धराच्या बाजूने ती सहसा कुणी सांगत नाही. एकाच माणसाच्या हातून एक बाण परत येतो आणि दुसरा सुटतो, यात फरक कशाचा? दयेचा म्हणावा, तर दया त्याच्यापाशी होतीच, ती आपण नुकतीच पाहिली. फरक एवढाच की, पहिल्या खेपेला त्याला समोरचे दिसत होते आणि दुसऱ्या खेपेला दिसत नव्हते.

हा विचार मला ग्रंथालयात सुचला असता, तर मी त्याचा एखादा शोधनिबंध करून मोकळा झालो असतो. तो सुचला तो पालघरच्या पूर्वेला, वाघोबा खिंड ओलांडून मनोरच्या पुढे, विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर, एका वृद्ध वारली गृहस्थांच्या ओट्यावर. त्याची हकीकत सांगायला हवी.

आमच्या वर्गात येणारी मुले दोन दिशांनी येतात. पश्चिमेकडून सातपाटी, नवापूर, तारापूर या किनाऱ्यावरच्या गावांतली. पूर्वेकडून विक्रमगड, जव्हार, डहाणूच्या पाड्यांवरची. शिवाय बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेल्या कुटुंबांची. महाभारतातली द्रोणाच्या परीक्षेची गोष्ट मी वर्गात एकदा कथनतंत्राचा नमुना म्हणून सांगत होतो. झाडावर भास पक्षी, द्रोण एकेकाला विचारतात काय दिसते, कुणाला झाड दिसते, कुणाला भाऊ दिसतात, गुरू दिसतात. अर्जुनाला फक्त पक्ष्याचे मस्तक दिसते. (लोकांच्या तोंडी ते ‘डोळा’ असे झाले आहे.) एकाग्रतेचा हा दाखला आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गापर्यंत सर्वत्र टांगलेला असतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. तो फारसा बोलणारा नव्हता. दुपारनंतर तो बोईसरच्या एका कारखान्यात काम करी. म्हणाला, “सर, आमचे आजोबा ही गोष्ट ऐकून हसतात. ते म्हणतात, नुसता डोळाच दिसत असेल तर बाण सोडू नये.”

मूळ कथेत तो पक्षी खरा नव्हता, कारागिरांकडून करवून घेऊन झाडावर बसवलेला होता, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, “मग बरोबर आहे. लाकडाच्या पक्ष्याला चालतं.”

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या आजोबांना भेटायला गेलो आणि मग वर्षभरात चारपाच वेळा गेलो. वय त्यांना नेमके सांगता येत नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र बांधले जात होते तेव्हा आपले नुकतेच लग्न झाले होते, हा त्यांचा हिशेब; केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, यावरून काय तो अंदाज करावा. ते मला “मास्तर, तू” असे म्हणत. वारल्यांच्या या ‘तू’मध्ये अनादर नसतो, हे या भागात राहिलेल्यांना सांगायला नको, शहरातून आलेल्या साहेबलोकांना मात्र तो पहिले काही दिवस टोचतो. त्यांचे बोलणे मी इथे प्रमाण मराठीत देतो आहे. त्यांच्या बोलीची नक्कल करण्याचा अधिकार मला नाही आणि अशा नकलेने आपल्या ग्रामीण कथेचे बरेच नुकसान झालेले आहे. असो.

त्यांचा कामठा घराच्या कुडावर आडव्या खुंट्यांना लटकत असे. बांबूचा, उंचीला माझ्या छातीपर्यंत, धूर बसून काळा पडलेला. दोरीही बांबूच्याच सालीची. चित्रांतून पाहिलेल्या वळणदार धनुष्याच्या मानाने तो अगदीच सरळ, जवळजवळ काठीसारखा. शिकारीविषयी मी विचारले, तेव्हा माझी अपेक्षा पराक्रमाच्या गोष्टींची होती. शिकारकथा नावाचा जो प्रकार आपण मराठीत वाचत आलो, त्याने ती अपेक्षा घडवलेली. आजोबा सांगत होते ते बाण न सोडण्याविषयी.

त्यांचे सांगणे असे. जनावर आपल्याकडे तोंड करून उभे असेल, तर सोडायचा नाही. छातीचे हाड बाण अडवते. पाठमोरे असेल, तर मुळीच नाही. बाण पोटात जातो आणि पोटात बाण घेऊन जनावर रात्रभर चालते. पळत असेल, तर नाही. मान वर करून कान टवकारले असतील, तर नाही. मध्ये गवताची एक काडी असेल तरी नाही, कारण ती काडी बाणाला वळवते. वीसबावीस पावलांच्या पलीकडे नाही. बरोबर पिल्लू असेल, तर नाही. मागे काय आहे ते दिसत नसेल, तर नाही. दिवस कलला असेल, तर नाही, कारण मग माग काढायला उजेड उरत नाही. मी वहीत टिपून घेत होतो. मध्येच थांबून म्हणालो, “आजोबा, मग सोडायचा केव्हा?” ते हसले. “ते उभं राहतं ना आडवं, चरत असतं, पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला असतो. तेव्हा.” एवढे सगळे किती वेळा जुळून येई? त्यांनी बोटे मोजली नाहीत. पावसाळ्यानंतरच्या अख्ख्या हंगामात एकदा, नाहीतर तेही नाही.

पुढचा पाय पुढे टाकलेला असतो, तेव्हा त्याच्या मागची बरगड्यांची जागा मोकळी होते आणि त्या बरगड्यांमागे फुप्फुसे व हृदय असते. बंदुकीची गोळी आणि बाण यांच्यातला मूलभूत फरक मला यानंतरच्या वाचनात कळला. गोळी आपल्या वेगाच्या आघाताने देह उद्ध्वस्त करते. बाणापाशी तो आघात नसतो; त्याचे पाते फक्त कापते आणि जनावर मरते ते रक्तस्रावाने. ते दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. हातभर मागे गेले, तर तोच मृत्यू काही तासांवर, कधी दिवसांवर जातो. नेमबाजीच्या मैदानावर हातभर चुकणे म्हणजे काही गुण जाणे. रानात त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी देहाला भोगावा लागतो.

कान टवकारलेल्या जनावराचे गणितही मी घरी येऊन मांडून पाहिले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नास मीटर धरू. तीस मीटरवर उभ्या असलेल्या हरणापर्यंत दोरीचा टणत्कार एकदशांश सेकंदाच्या आतच पोचतो. बाणाला तिथे जायला त्याच्या सहापटींहून अधिक वेळ लागतो. मधल्या अर्ध्या सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली घेते आणि जिथे बरगड्या होत्या तिथे आता पाठ असते. नेम अचूक, हात स्थिर, तरीही बाण चुकीच्या जागी. म्हणून वीस पावले. आजोबांना सेकंदाचे भाग ठाऊक नव्हते, पण पावले ठाऊक होती.

हे ऐकल्यावर आपल्या वाङ्मयाकडे परत जाऊन पाहिले, तेव्हा मला काही गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तरफदारी करतो. शरीर हलके होते, प्राण्यांच्या भयाक्रोधाची ओळख होते, वगैरे सांगून झाल्यावर तो म्हणतो की, हलत्या लक्ष्यावर बाण सिद्ध होणे हा धनुर्धराचा उत्कर्ष. आजोबांच्या यादीत हलते लक्ष्य निषिद्ध होते. एकाने ज्याला कौशल्याचा कळस म्हटले, तेच दुसऱ्याच्या लेखी बेजबाबदारपणा. सेनापतीला भूक नव्हती, हे एक कारण. दुसरे असे की, राजाच्या मृगयेत जखमी जनावराच्या मागे रात्रभर फिरायला राजा स्वतः जात नाही. जो माग काढायला जाणार असतो, तो हलत्या जनावरावर बाण सोडत नाही. अर्थात, त्याच नाटकाच्या पहिल्या अंकात तपस्वी आडवे येऊन दुष्यंताला बाण उतरवायला लावतात, हेही विसरून चालणार नाही. कालिदासाला हा ताण पुरेपूर जाणवलेला असावा. एकाच कवीच्या दोन कृतींत ओढलेला बाण परत घेतला जातो, हा मला योगायोग वाटत नाही.

क्रौंचवधाचेही तसेच. आदिकवीचा शोक श्लोक झाला, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतो. पण त्या निषादाचा बाण चुकला नव्हता, तो अचूक होता. शापाचे कारण नेमात नव्हते, वेळेत होते. पक्ष्यांची जोडी रतिमग्न होती. महाभारतातला किंदम ऋषी तर हे उघड बोलून दाखवतो. मृगरूपात मैथुन चालू असताना पंडूने त्याला बाण मारले. मरताना तो पंडूला म्हणतो त्याचा आशय असा: हरणे मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही, पण मैथुन संपेपर्यंत तू थांबायला हवे होतेस. मला हे वाक्य विलक्षण वाटते. वध करणाऱ्यावर मरणाऱ्याने ठेवलेला हा ठपका न थांबण्याचा आहे. पंडूचे पुढचे सगळे आयुष्य आणि पर्यायाने भारतीय युद्धाची सगळी वंशावळ त्या न थांबलेल्या क्षणातून निघते.

पाश्चात्त्यांकडे या विषयाचे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे आणि त्याचा उगमही गमतीचा, खरे तर दुःखाचा आहे. कॅलिफोर्नियात १९११ साली ओरोव्हिल या गावी याही जमातीचा एक माणूस एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला. त्याची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत संपली होती. आपले नाव स्वतः सांगायचे नाही, ही त्याच्या लोकांची रीत, म्हणून मानवशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला त्याच्याच भाषेतला ‘माणूस’ या अर्थाचा शब्द नाव म्हणून दिला: इशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांची त्याच्याशी मैत्री झाली. पोप त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले आणि १९२३ साली त्यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. पोप यांनी नोंदवून ठेवले आहे की, दूरच्या लक्ष्यावर इशीचा नेम काही असामान्य नव्हता. जनावराच्या जवळ जाण्याची त्याची कला मात्र असामान्य होती. हे वाचताना मला विक्रमगडचा तो ओटा आठवला. दोन खंडांतल्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन माणसांचे शास्त्र एकच निघावे, याचे आश्चर्य तरी कशाला वाटावे? हरणाच्या बरगड्या दोन्हीकडे त्याच जागी असतात.

पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्या नावाने अमेरिकेत १९६१ साली एक मंडळ स्थापन झाले. न्याय्य पाठलागाचे नियम ते सांगते: जनावराला निसटण्याची खरी संधी हवी, कुंपणात कोंडलेले जनावर मारायचे नाही, इत्यादी. त्याचबरोबर हे मंडळ मारलेल्या जनावरांच्या शिंगांची मापे घेऊन त्यांची नोंदवही ठेवते. इथे माझे मन अडखळते. नोंद झाली ती सुटलेल्या बाणांची. परत घेतलेल्या बाणांची नोंदवही कुठून असणार? ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने कोणत्याही वन्य प्राण्याला धनुष्याने मारणे निषिद्ध ठरवले आहे. बाणाने जखमी होऊन निसटणारे जनावर ही त्या वादातली मुख्य हरकत. अमेरिकेतले शिकारी त्यावर म्हणतात, अंतर आणि कोन पाळला की हा प्रश्न उरत नाही. दोन्ही बाजूंचे वाचल्यावर मला आजोबांनी सांगितलेली एकच गोष्ट अधिक पटते आणि ती दोघांच्याही सोयीची नाही.

ती गोष्ट त्यांनी तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितली, तीही मी विचारली म्हणून नव्हे. ऐन लग्नाच्या वर्षातली. भेकर होते. अठरा पावलांवर आडवे, चरत असलेले, वारा तोंडावर. त्यांच्या यादीतले सगळे जुळलेले होते. बाण सुटला आणि त्याच क्षणी भेकराने एक पाऊल उचलले. कुणाच्या चाहुलीने नव्हे. पुढच्या गवताकडे जायला एक पाऊल. बाण पोटात गेला. ते लगेच मागे गेले नाहीत, कारण मागे लागले की जनावर जिवाच्या आकांताने दूर जाते. बसू दिले तर जवळ बसते. एक झाड धरून ते बराच वेळ बसून राहिले. मग मागावर निघाले. रक्त थोडे, काळपट, त्यात हिरवट पाणी. म्हणजे काय झाले आहे ते कळलेच. ओढ्यापर्यंत माग मिळाला. पलीकडे नाही. रात्री टेंभा घेऊन दोघेतिघे फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी घारी फिरताना दिसल्या आणि ते तिकडे गेले नाहीत.

“का गेला नाहीत?” मी विचारले.

“काय बघायला जायचं?” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी भर घातली, “मारलं असतं तर पाड्यानं खाल्लं असतं. हे कुणाचंच झालं नाही.”

त्यानंतर त्यांनी कामठा उचलला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा आला तो नंतर, १९७२ मध्ये. त्यांच्या शिकार सोडण्याशी त्या कायद्याचा संबंध नव्हता. एवढे सगळे नियम पाळूनही उरणारे ते एक पाऊल त्यांना पेलवले नाही, असे मी म्हणेन. त्यांनी स्वतः तसे काही म्हटले नाही. ते म्हणाले, “मग शेतीच केली.”

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. या लेखातून शिकारीची तरफदारी कुणी वाचू नये. आज भारतात रानातले जनावर मारणे, जखमी करणे, पकडणे, त्यासाठी हाका घालणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे आणि तो गुन्हा आहे. मला ही बंदी योग्य वाटते. या डोंगरांतली भेकरे आणि ससे किती उरले आहेत, हे पाहिल्यावर अयोग्य वाटण्याचे कारण नाही. आदिवासींच्या वनावरील परंपरागत हक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या वनाधिकार कायद्यानेही शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. तेव्हा हा प्रश्न निकालात निघालेला आहे. पण कायद्याच्या दृष्टीने बाण आणि फासकी यांत फरक नाही आणि मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

कारण बाण गेला, तरी फासकी उरली. मोटारसायकलच्या क्लच वायरची फासकी रानडुकरासाठी लावली जाते आणि त्यात बिबट्या अडकतो. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत अशी बातमी वरचेवर येते. कणकेच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब रानडुकराने चावावा म्हणून ठेवतात आणि तो गाय चावते, कुत्रा चावतो. शेताच्या कुंपणात सोडलेली वीज माणसालाही ओळखत नाही. या सगळ्या साधनांचा समान गुण हा की, लावणारा त्या वेळी तिथे नसतो. तो घरी झोपलेला असतो. समोर कोण आले, त्याच्याबरोबर पिल्लू होते का, ते आडवे होते की पाठमोरे, हे विचारायला तिथे कुणीच नसते. रघुवंशातल्या शब्दवेधाचे हे आजचे रूप आहे. किंबहुना त्याहून पुढचे, कारण दशरथ निदान घागरीच्या आवाजाच्या अंतरावर होता. किंकाळी त्याला ऐकू आली आणि तो धावत गेला.

बोईसरला राहणाऱ्या माणसाला हा विचार फासकीपाशी थांबवता येत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जाते. मासे गेले, खाड्या गेल्या ही किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार फार जुनी आहे. मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. माझ्या वर्गात त्या किनाऱ्यावरची मुले आहेत आणि त्या वसाहतीत काम करणारीही आहेत. कधी कधी एकाच बाकावर. मी वर्गात रघुवंशातला तो प्रसंग आता न चुकता सांगतो आणि पुढे काही बोलत नाही. नवापूरच्या एका मुलीने एकदा वहीच्या समासात लिहिलेले मला दिसले: ‘घागर कुणाची होती ते बाण सोडल्यावर कळले.’ त्याखाली तिने काहीच लिहिले नव्हते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तिने हे लिहिले नाही, रसनिष्पत्तीच लिहिली, आणि तिला चांगले गुण मिळाले.

मराठीत शिकारकथेपासून निसर्गलेखनापर्यंतचा जो प्रवास झाला, तो या दृष्टीने पुन्हा पाहावासा वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांनी आधी बंदूक घेऊन आणि पुढे दुर्बीण व चित्रांची वही घेऊन रान पाहिले. ‘सत्तांतर’सारखी कादंबरी बंदुकीच्या नळीवरून रान पाहणाऱ्याला लिहिता आली नसती, असे सहज म्हटले जाते. मला त्याची इतकी खात्री वाटत नाही. वानरांच्या टोळीत कोण वयात आले, कोण म्हातारे झाले, कोण कुणाच्या आड उभे राहते, हे पाहण्याचा जो चिवटपणा त्या कादंबरीत आहे, तो शिकाऱ्याच्या डोळ्यातून आलेला असणे अगदी शक्य आहे. वीस पावलांपर्यंत जाऊन थांबायला शिकलेला डोळा. फरक हा की, पुढे बाण नाही. वारली चित्रांतही पळणारी जनावरे आणि कामठा ताणलेला माणूस पुष्कळदा दिसतो. तांदळाच्या पिठाने काढलेला तो बाण अजून दोरीवरच असतो. चित्रातला तो बाण सुटणार आहे, असे आपण गृहीत धरतो. आजोबांच्या भिंतीवर तसे एक चित्र त्यांच्या सुनेने काढलेले होते. त्यात हरिणीच्या मागे पिल्लू होते. मी त्यांना विचारले, “हा मारणार का?” ते म्हणाले, “पिल्लू आहे ना.” जणू मी भिंतीवरचे वाचायला शिकलेलोच नव्हतो.

कामठा ओढून पाहण्याची माझी इच्छा त्यांनी एका संध्याकाळी पुरी केली. अंगणात गवताचा भारा उभा केला. त्यांचा जुना कामठा आता ओढण्याजोगा राहिला नव्हता. नातवाने नवा बांबू तासून केलेला होता. मला वाटले होते की, ते मला नेम शिकवतील. त्यांनी बाण हातात दिला, ओढायला सांगितले आणि दोरी हनुवटीपाशी आल्यावर म्हणाले, “आता हळूहळू परत आण.” ते मला चार-पाच वेळा करायला लावले. ज्यांनी कधी केले नसेल त्यांना सांगायला हवे की, बाण सोडणे सोपे असते. बोटे सैल केली की बांबूच सगळे काम करतो. परत आणताना मात्र बांबूची सगळी ओढ खांद्याला आणि पाठीला विरुद्ध दिशेने सोसावी लागते. हात थरथरतो. मध्येच बोटांतून दोरी निसटेल, अशी धास्ती वाटते. ओढताना जेवढे बळ लागले, त्याहून जास्त परत आणताना लागते आहे, असे वाटत राहते आणि तिथे पाहणाऱ्याला तर काहीच घडलेले दिसत नाही. एक माणूस कामठा घेऊन उभा होता, अजूनही उभा आहे, बाण हातातच आहे.

नातू शेजारी उभा होता. त्याची रात्रपाळी होती, त्याला सात वाजता बोईसरला पोचायचे होते. त्याने आजोबांना विचारले, “बाबा, सरांना एक तरी सोडू दे ना भाऱ्यावर.”

आजोबांनी भाऱ्याकडे पाहिले. भाऱ्याच्या मागे कुड होता आणि कुडाच्या मागे सून चुलीपाशी बसली होती. त्यांनी नातवाला भारा उचलून आंब्याच्या झाडापाशी, बांधाला टेकून ठेवायला सांगितले. तोपर्यंत उजेड गेला.